बी.कॉम. की बी.व्होक.?

बी.व्होक. म्हणजे कौशल्यावर भर देणारी व्यवसाय शिक्षणाची पदवी; ती यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2014 मध्ये सुरू केली. साधारण 60 टक्के श्रेयांक (क्रेडिट) कौशल्याचे, 40 टक्के सामान्य शिक्षणाचे. रिटेल किंवा अकाउंटिंग घेतलं तर पोरं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हाउचर (व्यवहाराच्या नोंदी) टाकतात, जीएसटीचं इन्व्हॉइस बनवतात, प्रत्यक्ष दुकानात स्टॉक मोजतात. घरच्या अडचणीमुळे शिक्षण सुटलं, तरी एका वर्षावर डिप्लोमा, दोनांवर ॲडव्हान्स्ड डिप्लोमा हातात पडतो. मला हे फार मोलाचं वाटतं.

बी.कॉम.मध्ये थिअरी जास्त, पण पाया रुंद, एम.कॉम.ची वाट सरळ. सीए करायचं पक्कं असेल तर डोळे झाकून बी.कॉम. घ्या. बी.व्होक.नंतर एम.कॉम.ला प्रवेश मिळेल का, हे मात्र फी भरण्याआधी त्या विद्यापीठाकडून लेखी घ्याच.