कॉलेजच्या लॅबसाठी शैक्षणिक लायसन्स: दोन सेम वापरल्यानंतर काय टिकलं, काय अडलं

शैक्षणिक सॉफ्टवेअरवर लिहिणारे बहुतेक जण यादी देतात: हे फुकट, तेही फुकट. यादी खोटी नसते. पण सेम सुरू झालं की लॅबमध्ये काम अडतं ते पैशांपायी क्वचितच, नावापायी आणि तारखेपायी मात्र नेहमी. फुकटचं लायसन्स बहुधा विद्यार्थ्याच्या नावावर असतं, लॅबच्या मशीनवर नसतं. आणि ते शैक्षणिक वर्षाबरोबर नव्हे, चालू केल्याच्या तारखेपासून बारा महिन्यांनी संपतं. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातले इंजिनीअरिंग, डिप्लोमा आणि बीसीएचे विभाग डोळ्यांपुढे ठेवून पुढचं लिहिलंय.

पडताळणीपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त वेळ तीच खाते. विद्यार्थी आहे हे सिद्ध करायचे दोन रस्ते: कॉलेजच्या डोमेनचा ईमेल किंवा कागद. आपल्याकडे एसी डॉट इन आणि ईडीयू डॉट इन ही डोमेन अर्नेट या सरकारी संस्थेमार्फत मिळतात. व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) बऱ्याच कॉलेजांकडे ती आहेत, पण प्रत्येक विद्यार्थ्याला त्यावर मेलबॉक्स मिळतोच असं नाही. तालुक्याच्या डिग्री कॉलेजात तर कार्यालयसुद्धा जीमेलवर चालतं. विभागाने आधी डोमेन आणि मेल मार्गी लावावा, सॉफ्टवेअर नंतर. गूगल वर्कस्पेसची शैक्षणिक मूळ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं ए-वन दोन्ही पात्र संस्थेला फुकट मिळतात. ए-वनमध्ये वर्ड-एक्सेल ब्राउझरमध्येच चालतं, मशीनवर बसवायचं ऑफिस त्यात येत नाही. ते देणारं ए-वन प्लस १ ऑगस्ट २०२४ पासून बंद झालंय. ‘आजीवन ऑफिस’ म्हणून ऑनलाइन स्वस्तात विकली जाणारी खाती बहुतेक अशाच कुठल्या तरी परक्या कॉलेजच्या टेनंटमधली, म्हणजे त्या संस्थेच्या मायक्रोसॉफ्ट जागेतली असतात. तिथल्या ॲडमिनने सफाई केली की वनड्राइव्हवरच्या फायलींसकट खातं जातं.

कागदाचा रस्ता धरला की सीमाभागातली खास अडचण समोर येते. एकाच मुलाचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचं असतं. महाराष्ट्रातल्या चंदगड-गडहिंग्लजहून आलेल्याच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. कर्नाटक बोर्डाच्या मार्क्स कार्डावर अनेकदा नाव आणि पुढेमागे नुसती आद्याक्षरं. आधारवर आणखी काही वेगळंच. पडताळणी करणारी यंत्रणा खात्यातलं नाव आणि आडनाव कागदाशी ताडून बघते. खात्यात पूर्ण आडनाव आणि कागदावर एकच अक्षर असलं की अर्ज परत. म्हणून वर्गात एकच नियम सांगून टाका: खातं उघडताना कॉलेजच्या आयडी कार्डावर छापलेलं नाव, त्याच स्पेलिंगने. घरी हाक मारतात ते नाव नको, इन्स्टावरचं तर नकोच.

कागदावर तीन गोष्टी एकाच पानात दिसायला हव्यात: विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, संस्थेचं पूर्ण नाव आणि चालू शैक्षणिक वर्षातली तारीख. आयडी कार्ड बहुतेक तिसऱ्या अटीवर पडतं, कारण त्यावर ‘२०२३-२७’ अशी बॅच छापलेली असते, चालू वर्ष कुठेच नसतं. फीची पावती चालते, पण सरकारी कॉलेजात ती बऱ्याचदा कन्नडमध्ये असते. त्यामुळे सगळ्यांत सरळ उपाय म्हणजे लेटरहेडवर इंग्रजीत टाइप केलेलं बोनाफाईड: नाव, यूएसएन (विद्यापीठाचा सीट नंबर), कोर्स, शैक्षणिक वर्ष, दिल्याची तारीख, सही-शिक्का. ऑफिसला एकदा नमुना करून द्या आणि वर्गाच्या यादीवरून सगळ्यांची एकदम छापून घ्या. एकेक मुलगा खिडकीशी उभा राहिला तर आठवडा जातो आणि क्लार्कही वैतागतो.

गिटहब या कोड ठेवायच्या साइटच्या विद्यार्थी पॅकचं (विद्यार्थ्यांना फुकट मिळणाऱ्या साधनांच्या संचाचं) थोडं सविस्तर सांगतो, कारण बीसीएपासून एमटेकपर्यंत सगळ्यांना ते लागतं. अर्ज करण्याआधी टू-फॅक्टर (पासवर्डनंतर दुसरा कोड मागणारं लॉगिन) चालू करा आणि बिलिंगच्या माहितीत आयडीवरचं पूर्ण नाव भरा. पैसे काही कापत नाहीत, पण नाव तिथूनही बघितलं जातं. अर्जाच्या वेळी ब्राउझर लोकेशन मागतो. कॉलेज बेळगावात आणि मुलगा अर्ज करतोय जांबोटीच्या घरातून, तर कॅम्पसपासून लांब असल्याच्या कारणावरून अर्ज अडू शकतो. व्हीपीएन चालू असला तरी तेच. कॉलेजच्या वायफायवर बसून, मोबाइलच्या ब्राउझरमधून, उजेडात कागदाचा फोटो काढून अर्ज केला की काम होतं. लॅपटॉपच्या वेबकॅमवर बारीक अक्षरं वाचता येत नाहीत.

मायक्रोसॉफ्टकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. ॲझ्युअर (मायक्रोसॉफ्टची क्लाउड सेवा) फॉर स्टुडंट्स हे विद्यार्थ्याचं स्वतःचं: १०० डॉलरचं क्रेडिट, बारा महिने, क्रेडिट कार्ड लागत नाही, वय १८ पूर्ण हवं. त्यामुळे दहावीनंतर थेट डिप्लोमाला आलेली बरीच मुलं बाहेर राहतात. ॲझ्युअर डेव्ह टूल्स फॉर टीचिंग हे विभागाने घ्यायचं सभासदत्व. जुन्या लॅब मॅन्युअलमध्ये एमएसडीएन ॲकॅडमिक अलायन्स, ड्रीमस्पार्क किंवा इमॅजिन असं काही वाचलंत तर तो याच योजनेचा पूर्वावतार समजा. आताचं नाव २०१९ पासूनचं. खरं सांगायचं तर विभागाला यातून मिळणाऱ्या प्रॉडक्ट की-ची (सॉफ्टवेअर चालू करायच्या कोडची) गरज वाटते तेवढी नसते. व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी वर्गातल्या शिकवण्यासाठी कितीही मशीनवर वापरायला लायसन्सच परवानगी देतं, आणि एसक्यूएल सर्व्हर डेव्हलपर एडिशनही फुकट आहे. डीबीएमएस (डेटाबेस) लॅबला एवढं पुरे. विंडोज सर्व्हर शिकवायचा असेल तर मात्र सभासदत्व कामाचं.

ॲझ्युअरचं क्रेडिट कुठे गळतं तेही सांगतो. व्हर्च्युअल मशीन (क्लाउडवरचा आभासी संगणक) आतून शटडाउन केलं तरी मीटर चालूच राहतं. पोर्टलवर जाऊन स्टॉप करून ‘डीॲलोकेटेड’ असं दिसलं तरच कॉम्प्युटचे पैसे थांबतात, डिस्कचे तेव्हाही लागतात. क्रेडिट संपलं की सबस्क्रिप्शन बंद पडतं, बिल येत नाही. पालकांना हे आधी सांगितलेलं बरं. मशीन बनवताना ‘पॉलिसीने मनाई’ अशा अर्थाची एरर आली तर रिजन (डेटा सेंटरचा प्रदेश) बदला. विद्यार्थी खात्याला मोजकेच रिजन उघडे असतात आणि ते पोर्टलच्या पॉलिसी पानावर असाइनमेंट्समध्ये दिसतात.

आता कॅडकडे, म्हणजे संगणकावरच्या ड्रॉइंगकडे. पहिल्या वर्षाच्या सीएईडीला (कॉम्प्युटर एडेड इंजिनीअरिंग ड्रॉइंग या विषयाला) प्रत्येक मुलाला स्वतःच्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर हवं असतं आणि लॅबमध्येही. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कचं विद्यार्थी-लायसन्स वर्षाचं असतं आणि स्वतःच्या खात्याने साइन-इन करून चालतं. लॅपटॉपवर ते उत्तम: महिन्यातून एकदा इंटरनेट दाखवलं की पुरतं. लॅबमध्ये तेच डोकेदुखी होतं. एका बॅचचा मुलगा साइन-आउट न करता उठतो, पुढचा त्याच्याच खात्यात काम करत बसतो. रीबूटला डिस्क मूळ स्थितीत आणणारं सॉफ्टवेअर बसवलेलं असेल तर लॉगिन दर वेळी पुसलं जातं. आणि साइन-इनचा ओटीपी येतो मोबाइलवर, जो प्रात्यक्षिक परीक्षेत आत नेताच येत नाही! माझं मत स्पष्ट आहे: परीक्षेच्या मशीनवर माणसाच्या नावाने साइन-इन लागणारं काहीही ठेवू नका. लॅबसाठी संस्थेच्या नावाचं नेटवर्क लायसन्स ॲडमिनने वेगळं मागवावं. सॉलिड एज या दुसऱ्या कॅड सॉफ्टवेअरची स्टुडंट एडिशन हलकी आणि चांगली आहे, पण तिच्या ड्रॉइंग शीटवर वॉटरमार्क छापून येतो आणि तिची फाइल व्यावसायिक आवृत्तीत उघडत नाही. सबमिशनच्या प्रिंट लॅबमधूनच काढाव्यात.

यातून आणखी एक मुद्दा निघतो, जो आपल्या गावात टाळता येत नाही. बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे या औद्योगिक भागांतल्या फाउंड्री-वर्कशॉपमध्ये शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्ट करतात. शिकण्यासाठी पॅटर्नचं (ओतकामाच्या साच्याच्या नमुन्याचं) मॉडेल केलं तर ठीक. त्याच लायसन्सवर मालकाला ड्रॉइंग काढून देऊन पैसे घेतले तर करार मोडला. फुकटच्या जवळजवळ प्रत्येक शैक्षणिक लायसन्समध्ये अव्यावसायिक वापराची अट असते आणि जोखीम कारखान्याच्याही गळ्यात पडते. प्रोजेक्टच्या पत्रात कोणतं सॉफ्टवेअर कोणाच्या लायसन्सवर वापरणार, ही एक ओळ घाला.

मॅटलॅब या गणिती आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरबद्दल जरा जास्त लिहितो, कारण विभागाचा मोठा पैसा इथे जातो. नेटवर्कवरचं समवर्ती लायसन्स (एका वेळी ठरावीक जणांनाच वापरू देणारं) घेतलं की मॅटलॅबच्या सीट आणि प्रत्येक टूलबॉक्सच्या (जोड-भागाच्या) सीट वेगळ्या मोजल्या जातात. कोटेशनमध्ये मॅटलॅब २५ आणि सिम्युलिंक (मॅटलॅबमधला सिम्युलेशनचा भाग) ५ असेल तर कंट्रोल लॅबमध्ये सहाव्या मुलाला ‘उणे ४’ (सगळ्या सीट भरल्या) एरर येणारच. सिम्युलिंकची खिडकी बंद केली तरी सीट सुटत नाही, मॅटलॅबमधून पूर्ण बाहेर पडावं लागतं. सीट कोण धरून बसलंय ते लायसन्स वाटणाऱ्या सर्व्हरवर एलएमस्टॅट ही कमांड चालवून दिसतं. कोटेशनवर १८ टक्के जीएसटी धरलाय का, आणि पुढच्या वर्षापासून मेंटेनन्स किती, हे दोन प्रश्न ऑर्डरआधी विचारा. कायमस्वरूपी लायसन्सचा मेंटेनन्स थांबवला तर हातातली आवृत्ती चालत राहते, नवी मिळत नाही. बीईच्या लॅबला ते चालतं.

या लायसन्स सर्व्हरची खरी परीक्षा पावसाळ्यात. वीज जाते, येते, सर्व्हर परत उठतो, आणि क्लायंटवर (लॅबच्या मशीनवर) ‘उणे १५’ किंवा ‘उणे ९६’, म्हणजे लायसन्स सर्व्हर सापडत नाही. याची दोन कारणं वरचेवर सापडतात. एक, लायसन्स मॅनेजर (सर्व्हरवरचा लायसन्स वाटणारा प्रोग्राम) सर्व्हिस म्हणून आपोआप सुरू व्हायला लावलेलाच नसतो. एलएमटूल्समध्ये (मॅनेजरच्या सेटिंगच्या खिडकीत) ‘स्टार्ट सर्व्हर ॲट पॉवर अप’वर टिक हवी. दुसरं कारण लपलेलं असतं. मॅनेजर २७००० पोर्टवर (नेटवर्कच्या नंबर दिलेल्या दारावर) बसतो, पण एमएलएम नावाच्या त्याच्या जोडीदार प्रोग्रामला पोर्ट ठरवून दिलेलं नसेल तर तो प्रत्येक वेळी मिळेल ते घेतो. फायरवॉलमध्ये एक जुना नंबर उघडलेला असतो, जोडीदार दुसरीकडे जाऊन बसतो. लायसन्स फाइलमध्ये ‘डीमन’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी पोर्ट २७००१ असं पक्कं करा, दोन्ही पोर्ट उघडा, सर्व्हिस पुन्हा सुरू करा. आणि यूपीएसवर सर्व्हरबरोबर नेटवर्क स्विचही घ्या. नुसता सर्व्हर जिवंत राहून काय उपयोग? लायसन्स बनवताना होस्ट आयडी (सर्व्हरची ओळख) म्हणून मदरबोर्डवरच्या इथरनेटचा पत्ता द्या. यूएसबी वायफायचा दिला आणि तो डोंगल कोणी काढून नेला की ‘उणे ९’, म्हणजे ओळख जुळत नाही.

जिथे बजेटच नाही तिथे मॅटलॅबऐवजी फुकटचं ऑक्टेव्ह किंवा सायलॅब. आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने सायलॅब, ईसिम, ओपनमोडेलिका यांवर बरंच काम केलंय, आणि स्पोकन ट्युटोरियल (बोलून शिकवणारे व्हिडिओ) मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही मिळतात. सीमाभागातल्या वर्गाला याहून सोयीचं काही नाही. सिम्युलिंकची जागा मात्र सायलॅबचं एक्सकॉस पूर्ण भरून काढत नाही, हे मान्य करावं.

बाकीचं थोडक्यात. प्रोग्रामिंगची साधनं बनवणाऱ्या जेटब्रेन्सचं लायसन्स दर वर्षी नूतनीकरण मागतं, पण २०२५.१ आवृत्तीपासून त्यांच्या पायचार्मची (पायथन लिहायच्या साधनाची) फुकट आणि विकतची आवृत्ती एकच झालीय आणि त्याचा फुकट भाग पायथनच्या लॅबला पुरतो. नेटवर्किंगच्या लॅबचा पॅकेट ट्रेसर सिस्कोच्या नेटॲकॅडच्या खात्यावर मिळतो. ओरॅकल ॲकॅडमी आणि एडब्ल्यूएस ॲकॅडमीचं सभासदत्व संस्थेच्या नावे, फुकट. ते एका प्राध्यापकाच्या खाजगी मेलवर घेऊ नका, ते कॉलेज सोडून गेले की सगळं त्यांच्याबरोबर जातं.

विंडोजच्या व्हॉल्यूम लायसन्समध्ये केएमएस (संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवरून ॲक्टिव्हेट करायची पद्धत) वापरणाऱ्यांसाठी दोन आकडे: विंडोज क्लायंटसाठी किमान २५ मशीन, ऑफिससाठी ५. नुसते वीस संगणक असतील तर त्यांचं विंडोज केएमएस कधीच ॲक्टिव्हेट करणार नाही, तिथे एमएके की (थेट मायक्रोसॉफ्टकडून ॲक्टिव्हेट होणारी) घ्या. मशीन तीस असूनही केएमएसने मोजलेला आकडा एकावर अडकला असेल तर एका मशीनची नक्कल बाकीच्यांवर उतरवताना सिसप्रेप जनरलाइझ (मशीनची ओळख पुसण्याची पायरी) केलेलं नाही, सगळ्या मशीनची ओळख एकच आहे. प्रत्येकावर एसएलएमजीआर रीआर्म ही कमांड चालवून रीबूट करा, आकडा चढू लागतो. एकदा झालेलं ॲक्टिव्हेशन १८० दिवस टिकतं, त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीची काळजी नको.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जुन्या लॅबमधल्या सातव्या पिढीच्या आणि त्याआधीच्या आय-थ्री मशीन विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत. शैक्षणिक संस्थांना वाढीव सुरक्षा अपडेटचा दर मशीनमागे पहिल्या वर्षी १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी ४ असा आहे. नवी मशीन मंजूर होईपर्यंत हाच सगळ्यात स्वस्त मार्ग. ऑर्डर संस्थेच्या नावे, व्हॉल्यूम लायसन्सिंगमधून करावी लागते, म्हणून मशीनची यादी प्रोसेसरच्या मॉडेलसह आत्ताच तयार ठेवा. नॅक-एनबीए या मूल्यांकन संस्थांच्या भेटीत बिलांसोबत तीच यादी दाखवता येते.