परवान्याची बंदूक की मोकळी बंदूक?

आमच्या सिंधुदुर्गात बंदूक म्हटली की आधी रानडुकरं आठवतात. भातात कळप शिरला तर एका रात्रीत वर्षाची मेहनत जाते, म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना आणि ठासणीची बंदूक. १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे त्यासाठी पोलीस चौकशी आली, नूतनीकरण आलं. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा. ऐन पीक उभं असताना ती जमा करावी लागली की शेतकरी हवालदिल होतो, आणि ते दुखणं खरं आहे.

अमेरिकेत उलट. तिथे शस्त्र बाळगणं हा घटनेने दिलेला हक्क. चारातले सुमारे तीन खून गोळीने होतात. आपल्याकडे बांधावरची भांडणं काय कमी आहेत? पण रागात हात कोयत्याकडे जातो. कोयत्यापुढून पळता तरी येतं.

ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये पोर्ट आर्थर इथे एका बंदूकधाऱ्याने केलेल्या हत्याकांडानंतर साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका परत घेतल्या. बंदुकीचे मृत्यू घटले. मात्र ते आधीपासूनच घटत होते, म्हणून कायद्याचं श्रेय किती यावर अभ्यासकांत वाद आहे. शिवाय चोरून बनवलेल्या गावठी बंदुकीला परवाना अडवत नाही.

तरी मी परवान्याच्याच बाजूने. फक्त पिकाच्या दिवसांत शेतकऱ्याला त्यासाठी खेटे घालायला लावू नयेत.