एकसारख्या वेगाच्या पेलेट म्हणून ३६,००० ला गंडलो

लिहायलाही लाज वाटते. अख्खं आयुष्य शिवाजी उद्यमनगरात लेथवर गेलं आणि गंडलो कशात, तर मोजमापात.

मुलगी १० मीटर एअर रायफल मारते. स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ जिंकल्यापासून कोल्हापुरात घरोघरी रायफलीचं वेड आहे. गर्दी दिसली की असली माणसं उगवतातच. स्पर्धा तोंडावर, चांगल्या लॉटच्या (एका खेपेत बनलेल्या) पेलेट, म्हणजे रायफलीच्या शिशाच्या बारक्या गोळ्या, मिळेनात. पालकांच्या ग्रुपवर एकानं जाहिरात टाकली: परदेशी मॅच पेलेट, वजन करून निवडलेल्या, क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) तपासलेल्या. २४ डब्या, १,३५० प्रमाणे ३२,४००, वर टेस्टिंगचे ३,६००. सगळे आगाऊ, यूपीआयनं. "शेवटच्या डब्या, आजच भरा" वगैरे झालंच, ते सांगत बसत नाही.

पैसे भरायच्या आधी त्यानं वेगाच्या कागदाचा फोटो पाठवला होता. दहा शॉट, सेकंदाला १७३.० मीटर. दहाच्या दहा १७३.०!

अरे, मायक्रोमीटरवर एकच पिन दहादा मोजली तरी शेवटचा आकडा हलतो. शिकाऊ पोरानं असला कागद आणला असता तर त्याच्या तोंडावर फेकला असता. मी मात्र त्याची प्रिंट काढून कपाटात जपून ठेवली. डब्या आल्या तेव्हा लॉट नंबरवर पांढरा स्टिकर होता, तोही नखानं खरवडून बघितला नाही. तुम्ही खरवडा.

पण माझं तरी काय चुकलं? टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. पेलेट १७२ ऐवजी १६७ नं सुटली तर दहा मीटरवर साधारण एक मिलिमीटर खाली बसते, म्हणजे ०.४ गुण गेले. एवढं ऐकल्यावर कुठल्या बापाचा हात खिशात जाणार नाही?

टार्गेटवर मुलीच्या गोळ्या वर-खाली पसरायला लागल्या. आम्ही दोष दिला रायफलीला. हवेचा दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर तपासण्यात आणखी २,५०० घातले. शेवटी ओळखीच्या कोचनी क्रोनोग्राफ लावला: १६३ ते १७५. दुसऱ्या दिवशी गुजरीत सोनाराच्या काट्यावर वीस पेलेट एकेक करून ठेवल्या. डबीवर छापलंय ०.५३ ग्रॅम, काटा ०.४९ पासून ०.५६ पर्यंत फिरला. सोनार म्हणाला, "मामा, ह्यो एका घरचा माल न्हाई."

आधी एकच डबी घ्या आणि स्वतःच्या रायफलीतून मारून बघा. दुसऱ्याच्या रायफलीतला वेग तुमच्या काही कामाचा नाही.

१९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. तक्रारीचा नंबर मिळाला, पुढं सामसूम. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलाय. पोलीस ठाण्याच्या तीन चकरा. पहिल्यांदा, "माल मिळाला न्हवं? मग फसवणूक कसली, दिवाणी बाब आहे." दुसऱ्यांदा साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा हवालदारानं डबी उघडली, एक पेलेट चिमटीत धरून उजेडाकडं नेली आणि विचारलं, "ह्याचं लायसन हाय का?" फिर्याद द्यायला गेलेला मी, अर्धा तास माझीच उलटतपासणी! अर्ज शेवटी घेतला, पण पोच मागितली तर झेरॉक्स मशीन बंद. पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका, मी हललो.

तो माणूस ग्रुपमधून केव्हाच बाहेर पडलाय. आता सकाळी दुकान उघडलं की सोनार अर्धा तास काटा आम्हाला देतो. मुलगी ०.५३ च्या तेवढ्या बाजूला काढते. पाचशेच्या डबीत शंभर निघाल्या तर खूप.