नोकरी सांभाळून एमबीए: 14 महिन्यांनंतर

दोन वर्षांच्या वीकेंड एमबीएचे 14 महिने सरलेत, 10 उरलेत. प्रवेश घेण्याआधी मी एक भलीमोठी एक्सेल शीट केली होती: सात कोर्स, एकोणीस रकाने. आज ती उघडली की हसू येतं. त्यातले निम्मे रकाने कधी कामालाच आले नाहीत, आणि ज्या दोन गोष्टींवर माझे आठवडे तरले किंवा बुडाले त्यांचा रकानाच नव्हता. म्हणून हे लिहितेय. मी खरेदी विभागात आहे, नोकरीला नऊ वर्षं झाली, नोकरी बदलायची घाई नाही.

आधी रँकिंग. फायनान्शियल टाइम्स या ब्रिटिश वृत्तपत्राची एमबीए कोर्सेसची यादी मी तोंडपाठ केली होती म्हणा ना. ती जगभरची मुख्य यादी पूर्णवेळ एमबीएची असते, आणि शिक्षण संपून तीन वर्षं झालेल्यांचा पगार व पगारवाढ याला तिच्यात मोठं वजन असतं, हे मला फार उशिरा कळलं. अनुभवी नोकरदारांसाठीच्या एक्झिक्युटिव्ह एमबीएची यादी वेगळी निघते. संध्याकाळच्या किंवा वीकेंडच्या वर्गात बसणाऱ्याला पहिल्या यादीतून संस्थेचं नाव कळतं, त्याच्या वर्गाबद्दल फारसं काही कळत नाही. एएसीएसबी, इक्विस, आंबा (AMBA) या बिझनेस स्कूलचा दर्जा तपासून मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय मान्यता मात्र बघाव्यात. आंबाची मान्यता तर संस्थेऐवजी एमबीए कोर्सलाच मिळते आणि विद्यार्थ्यांना किमान तीन वर्षांचा कामाचा अनुभव असावा अशी त्यांची अपेक्षा असते. शेजारी कोण बसणार याचा थोडा अंदाज त्यावरून येतो.

प्रवेश परीक्षेबद्दल थोडक्यात. जीमॅट आता 2 तास 15 मिनिटांची आहे, 45 मिनिटांचे तीन भाग, गुण 205 ते 805. जुन्या मोजणीतले 700 म्हणजे नव्यातले साधारण 645, तेव्हा जुन्या सल्ल्यांमधले आकडे वाचून खचू नका. गुण पाच वर्षं चालतात. नोकरीत मुरलेल्यांसाठी दीड तासाची एक्झिक्युटिव्ह असेसमेंटही आहे. ती चालते का, हे मी विचारलंच नाही आणि चार महिने पहाटे उठून जीमॅटचा अभ्यास केला. आमच्या कोर्सला ती चालत होती.

आता तो पहिला नसलेला रकाना: कॅलेंडर. माहितीपत्रकात 'दर शनिवारी वर्ग' एवढंच होतं. टर्मची परीक्षा कधी, असाइनमेंट कोणत्या वारी द्यायची, एक वर्ग चुकला तर भरून काढता येतो का, याचा त्यात पत्ता नव्हता. आमच्या दोन्ही टर्मच्या परीक्षा नेमक्या तिमाहीअखेरीला आल्या. खरेदी विभागात तिमाहीअखेर म्हणजे काय असतं ते तिथे काम केलेल्यालाच माहीत. दुसऱ्या टर्मला मी संख्याशास्त्राचा पेपर दिला तेव्हा आदल्या रात्री साडेबारापर्यंत पुरवठादारांचे करार मिटवत होते. पास झाले, पण कशी ते विचारू नका. त्यानंतर दोन आठवडे सोडून द्यावं का, याच विचारात गेले. मागच्या बॅचचं कॅलेंडर मागितलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. आमच्या कोर्सच्या कार्यालयाने ते मागितल्यावर एका सहकाऱ्याला लगेच दिलंही होतं.

दुसरा रकाना ग्रुपचा. आमच्या इथे गुणांचा बराच भाग गटाच्या कामाला आहे आणि गट कार्यालय पाडतं. माझ्या पहिल्या गटात पाच जण होतो. त्यातला एक कायम प्रवासात, एक 'मी फॉरमॅटिंग बघतो' म्हणणारा. (प्रत्येक गटात हा एक असतोच.) मंगळवारी रात्री साडेदहाला कॉल, पहिली वीस मिनिटं सगळे येईपर्यंत जायची. पुढच्या टर्मला गट बदलला. त्यात एक हॉस्पिटलचं प्रशासन बघणाऱ्या बाई होत्या, वयाने आम्हा सगळ्यांपेक्षा मोठ्या. त्यांनी पहिल्याच कॉलला सांगितलं, "साडेनऊला सुरू, सव्वादहाला बंद. कोण काय करणार ते लिहूनच उठायचं." कोर्स तोच, प्राध्यापक तेच, पण मला वेगळ्याच ठिकाणी प्रवेश घेतल्यासारखं वाटलं. त्यामुळे गट कसे पाडतात, कधी बदलतात, काम न करणाऱ्याचं काय होतं, हे आधी विचाराच.

शिकण्याचं म्हणाल तर फायनान्सने पैसे वसूल केले. एक प्रसंग सांगते. आमचा एक पुरवठादार वर्षानुवर्षं सांगायचा, 10 दिवसांत पैसे द्या, 2 टक्के सूट घ्या. नाहीतर 45 दिवसांनी पूर्ण रक्कम द्या. आम्ही 45 दिवस घ्यायचो आणि स्वतःला हुशार समजायचो. वर्गात वर्किंग कॅपिटल (खेळतं भांडवल) चालू असताना मी वहीच्या कोपऱ्यात सहज मांडून बघितलं. 98 रुपये 35 दिवस जास्त वापरायला 2 रुपये मोजायचे, म्हणजे वर्षाला सरळव्याजाने 21 टक्क्यांच्या वर. कंपनीचं बँकेचं कर्ज याहून कितीतरी स्वस्त होतं. सोमवारी मॅनेजरना तो कागद दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "हे आधी कोणी का नाही मांडलं?" आधी मांडायला मीच होते की!

मार्केटिंग बरं होतं. नेतृत्वाचा विषय मात्र गोड बोलण्यात संपला, त्यात हाताला काही लागलं नाही.

ऑनलाइन घ्यावं का, हे सगळे विचारतात. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने 2019 मध्ये पूर्णवेळ कॅम्पस एमबीए बंद करून ऑनलाइनवर भर द्यायचं जाहीर केलं, तेव्हा 'ऑनलाइन म्हणजे दुय्यम' हे सरसकट म्हणता येत नाही. फिरतीची नोकरी असेल तर मी तेच घेईन. मी घेतलं नाही कारण स्वतःला ओळखते: रेकॉर्ड केलेलं लेक्चर मी दीडपट वेगाने लावते आणि सोबत मेल बघते. शनिवारी वर्गात, केस (चर्चेसाठी दिलेलं कंपनीचं उदाहरण) वाचून न आल्यावर नाव घेऊन उठवलं जातं, त्या धाकानेच माझं वाचन होतं.

कंपनी फी देणार असेल तर करार नीट वाचा. माझ्या कंपनीने निम्मी दिली, पण पदवीनंतर दोन वर्षं थांबायची अट आहे. पहिल्या वाचनात मला वाटलं होतं, प्रवेशाच्या दिवसापासून दोन वर्षं.

सध्या तिसऱ्या टर्मचे इलेक्टिव्ह निवडायचा फॉर्म उघडा आहे. विषयांची नावं अजून वाचलेली नाहीत. आधी परीक्षेच्या तारखा बघितल्या.