मुलाच्या चहात अंगारा टाकला, 38,600 रुपयेही गेले

लिहू की नको असं महिनाभर चाललं होतं, पण माझ्यासारखी अजून एखादी आई आत्ता तोच नंबर लावत असेल म्हणून लिहितेय.

मुलाचं एका मुलीशी जमलं होतं, मला ते पसंत नव्हतं. लोकलच्या डब्यात ते स्टिकर असतात ना, बंगाली बाबा, वशीकरण, घरबसल्या उपाय, त्यातल्याच एकाला फोन केला. आधी दक्षिणा 1,100, मग पूजेचं सामान 5,500, मग म्हणे मुलीकडच्यांनीच करणी केलीय, तोड करायला 11,000. मुलाच्या कंगव्यातले केस, दोघांचे फोटो, जन्मतारखा, सगळं मागितलं आणि मी दिलं. मुलीचा फोटो तर मुलाच्या मोबाईलमधून गुपचूप घेतला.

कुरिअरने अंगाऱ्याची पुडी आली. पाच दिवस चहातून द्यायचा, त्याला कळता कामा नये. पहिल्याच दिवशी मुलगा म्हणाला, आई चहा खरखरीत लागतोय गं, पावडर बदललीस का, आणि पिऊन टाकला. कपाच्या तळाशी राखाडी थर राहिला होता, तो मी बोटाने खरवडून धुतला. पुडीत नक्की काय होतं मला आजही माहीत नाही, आठवलं की पोटात गोळा येतो.

मग 21,000. विधी अर्धवट सोडला तर मुलावर उलटेल म्हणाला, भीतीने तेही भरले. पुढचे नाही म्हटल्यावर भाषाच बदलली, मुलीच्या घरी फोटो पाठवतो, तुझं नाव सांगतो. तेव्हा कुठे मुलाला सांगितलं. पैशांबद्दल तो एक शब्द बोलला नाही. म्हणाला, मला न विचारता माझं मन फिरवायला निघाली होतीस तू. खरंय त्याचं. तो मंत्र खरा असता तर मी त्याचं जास्तच वाटोळं केलं असतं.

अशा धमक्यांना घाबरू नका. दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा आलाय, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर ताबडतोब 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा, मी लाजेपायी थांबले. चॅट, पावत्या काही डिलीट करू नका.

तक्रारीच्या आधी त्या मुलीलाही सांगावं लागलं. तिने फक्त विचारलं, काकू, माझा कोणता फोटो दिलात? मी तिला तो दाखवला.