पहिल्या इंजिनासाठी अंझानी की नोम?

विमानयुगाच्या पहाटेचं एखादं चालतं इंजिन छोट्या मापात, घरच्या लेथवर करायचं म्हटलं की बहुतेकांची गाडी याच दोघांपाशी अडते. १९०९च्या जुलैत वैमानिक ब्लेरिओला इंग्लिश खाडीपार नेणारं अंझानीचं तीन सिलिंडरांचं इंजिन, आणि पुढच्याच महिन्यात वैमानिक फार्मनने फ्रान्समध्ये ज्याच्यावर लांब पल्ल्याचं बक्षीस मारलं ते सेगँ बंधूंचं नोम ओमेगा.

देखणेपणात नोमला तोड नाही. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मधला मुख्य दांडा, विमानाला घट्ट बसवलेला आणि सातही सिलिंडर पंख्यासकट गरगर फिरणारे, त्यामुळे थंड राहायची सोय आपोआप होते. मूळ इंजिनाचे सिलिंडर पोलादातून कातलेले, भिंत जेमतेम दीड मिलिमीटर. तेल एरंडेलच हवं, कारण पेट्रोल क्रँककेसमधूनच, म्हणजे त्या दांड्याभोवतीच्या पेटीतूनच, जातं आणि साधं तेल त्यात धुऊन निघतं. जळकं एरंडेल गॅरेजच्या भिंतीवर उडतं, पण ते मी हसत पुसलं असतं.

माझं मन उडालं ते इंधन-हवा आत घेणाऱ्या इनलेट व्हॉल्व्हमुळे. तो चक्क पिस्टनच्या माथ्यावर बसतो आणि पिस्टन खाली जाताना नुसत्या ओढीने उघडतो. सातातली एक स्प्रिंग किंचित कडक निघाली की तो सिलिंडर मंदावतो आणि अख्खं इंजिन थरथरतं. मग वरचा, धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उतरवा, लांब पाना आत घाला आणि न दिसणारी गोष्ट बोटांनी चाचपत बसा. मित्राच्या नोमवर हे केलं तेव्हा एका स्प्रिंगपायी अख्खा रविवार गेला, आणि दुसऱ्या दिवशी शेजारचा सिलिंडर रुसला.

अंझानीचा इनलेटही ओढीनेच उघडतो, पण तो बाहेर, हाताशी असतो. बोटाने दाबला की स्प्रिंगचा अंदाज येतो. बिघाड दिसतो आणि चहा निवायच्या आत दुरुस्तही होतो. त्याचे दोष मी लपवणार नाही. ठोके असमान पडतात, सिलिंडरच्या तळाशी धूर जायला पाडलेल्या भोकांतून तेल उडतं, आणि तापतं तर भलतंच. माझं इंजिन मी समोर टेबलफॅन लावून थोडा थोडा वेळच चालवतो.

सात सिलिंडर तंतोतंत सारखे कातण्याची चिकाटी असेल, तर नोमपासून तुम्हाला परावृत्त करणारा मी कोण? पण इंजिन पहिलंच असेल आणि ते करण्याइतकंच चालवायचीही हौस असेल, तर मला वाटतं अंझानीच घ्यावं. कातायला तीनच सिलिंडर, आणि तेलही साधं चालतं.