पांढरं उमटत नाही म्हणून खूष झाले, तिथंच फसले

गावाचं नाव सांगत नाही. सातवीला विज्ञान शिकवते, एवढ्यावरूनच ओळखणारे ओळखतील. सनस्क्रीनच्या नावाखाली गेले ते १४,४५० रुपये. वर डॉक्टरांची फी ५०० आणि औषधं १,१८०.

माहेर परभणीचं, ऊन मला नवीन नाही. पण रोज स्कूटीवर जाऊन-येऊन गालांवर वांग आले, म्हणून डॉक्टरांनी दिलेलं सनस्क्रीन लावत होते. मार्चमध्ये भिशीला एका वहिनींनी ओळखीची बाई आणली. तिनं माझी ट्यूब उलटी करून वाचली. "ताई, हे केमिकल रक्तात उतरतं. अमेरिकेत बंदी आहे. तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला काय सांगायचं!" शिकलेली म्हणलं की आम्ही मास्तरीणबाई विरघळतो.

डोकं फिरतं ते याच्यानं, की ती अर्धं खरं बोलत होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१९ मध्ये झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड हे दोनच खनिज घटक सुरक्षित नि परिणामकारक धरायचा प्रस्ताव मांडला, बाकी बऱ्याच घटकांची आणखी माहिती मागितली. काही केमिकल घटक रक्तात सापडतात, हेही खरं. पण सापडले म्हणजे अपाय झालाच, असं कुणी म्हणलेलं नाही. आणि बंदी? ती हवाई बेटांवर, २०२१ पासून, ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही दोन केमिकल असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर, समुद्रातले प्रवाळ वाचावेत म्हणून. आमच्या मराठवाड्यात समुद्र कुठाय बाई? इथं प्यायला टँकर लागतो. हे सगळं मुलीनं नंतर शोधून दाखवलं.

तर त्या बाईनं विकलं ते हे: 'नैसर्गिक मिनरल सनस्क्रीन, एसपीएफ ५०, गाजराच्या बियांच्या तेलासह.' डबी ८५० रुपयांना, मी तीन घेतल्या. २,५५०.

पहिल्या दिवशी आरशासमोर उभी राहून लावलं. अर्ध्या मिनिटात जिरलं, खोबरेल जिरावं तसं. पांढरट थर नाही, करडी झाक नाही. आणि मी खूष! अहो, झिंक ऑक्साइड ही पांढरी भुकटी, हे मी स्वतः फळ्यावर लिहिलंय. क्रिकेटवाले नाकावर पांढरा पट्टा ओढतात तो त्याचाच. फार बारीक दळलेलं किंवा रंग मिसळलेलं नसेल तर थोडी छटा राहतेच. त्या सकाळी आरशात एवढं दिसत होतं आणि मी त्याचंच कौतुक स्टाफरूममध्ये सांगत बसले.

म्हणून तर एजन्सी घेतली. नोंदणीचे १,५०० ('परत मिळणारे'), वीस डब्यांचे ५२० प्रमाणे १०,४००. पैसे यूपीआयवर, तेही कुण्या भलत्याच माणसाच्या नावावर. हाव म्हणा. पण मुलगी लातूरला क्लासला आहे, तिथल्या फीचा आकडा ज्यांना माहीत आहे त्यांनी तरी मला हावरट म्हणू नये.

एप्रिलमध्ये तीन आठवड्यांत गाल भाजल्यासारखे लाल, वांग दुप्पट. डॉक्टरांनी डबी उघडून वास घेतला नि म्हणाले, "हे सनस्क्रीन वाटत नाही, चोळायचं लोणी वाटतंय." घरी येऊन स्टिकर नखानं ओरबाडलं. खाली दुसरं स्टिकर: बॉडी बटर, किंमत ९९ रुपये. परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. डबीवर या गोष्टी नसतील तर बाई कितीही गोड बोलो, घेऊ नका.

सहकाऱ्यांना विकलेल्या सहा डब्यांचे ५,१०० मी घरोघरी जाऊन परत केले. ती लाज वेगळीच.

बाईचा फोन बंद. पोलीस ठाण्यात हवालदार म्हणतो, "मॅडम, माल मिळाला ना? मग फसवणूक कशाची?" बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवले. औषधांचं बघणाऱ्या कार्यालयात साहेब मीटिंगला गेलेले. तिसऱ्या खेपेला भेटले तर म्हणे पक्कं बिल आणा. फसवणारा पक्कं बिल देतो व्हय? अर्जावर पोच मागितली तर बाबू म्हणाला, "ठेवा, बघू." चार खेपा, दोन अर्ध्या रजा, आणि एका साहेबांनी वर विचारलं, "तुम्ही शिक्षिका असून कशा फसलात?" हे विचारायला पगार मिळतो यांना! डबी मात्र कुणी हातात घेऊन पाहिली नाही.

आता ग्राहक आयोगात जातेय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही. पैसे गेले की त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर लावा, मी बारा दिवस लाजेत घालवले. खनिज सनस्क्रीन वाईट नाही. मीही आता झिंकवालंच लावते, आयर्न ऑक्साइडनं रंगवलेलं, वांगासाठी डॉक्टरांनी तेच सांगितलं. मेडिकलमधून, बिलासकट.

वीस डब्या कपाटात आहेत, त्यातल्या सहा उघडलेल्या. तुमच्याकडंही अशी पिवळट डबी असेल तर फेकू नका. आधी स्टिकर ओरबाडून बघा, आणि खाली काय निघतं त्याचा फोटो काढून ठेवा.